ऑपरेटरला फक्त त्याच्याच मशीनच्या फाइली उघडू देणारा एडिटर कोणता?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वागळे इस्टेटमध्ये जॉबवर्कचं छोटं युनिट, दोन व्हीएमसी (उभी मिलिंग मशीनं) आणि एक टर्निंग सेंटर (लेथ), तिन्ही सीएनसी, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणारी. शॉप फ्लोअरवर दोन विंडोज पीसी, आणि ऑफिसच्या पीसीवर शेअर केलेलं एक फोल्डर, ज्यात सगळे जी-कोड प्रोग्रॅम (मशीनला हालचाली सांगणाऱ्या टेक्स्ट फाइली) पडलेले. फीड (टूल सरकण्याचा वेग), स्पीड (फिरण्याचा वेग) किंवा एखादा ऑफसेट (मापातली दुरुस्ती) बदलायला ऑपरेटरला फाइल उघडावीच लागते. पण नोटपॅडमधून त्याला दुसऱ्या मशीनचे प्रोग्रॅमही दिसतात, चुकून मास्टर, म्हणजे मूळ फाइलवरच सेव्ह होतं, आणि मध्यंतरी एकाने कोटेशनचं फोल्डरही उघडून पाहिलं. म्हणून ठरवून दिलेल्या फाइलींपलीकडे काहीच उघडू न देणारा टेक्स्ट एडिटर हवा आहे. जोडीला लेबल प्रिंटर चालवणारं एक लिनक्स मशीन आहे. त्यातली एक कॉन्फिगरेशन फाइल सुपरवायझरला बदलावी लागते, तिथेही असंच काहीतरी हवं. आणि शेवटी, असा एडिटर मिळत नसेल तर पुतण्याकडून लिहून घेऊ का?

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या छोट्या कारखान्यांची नेटवर्कं सांभाळणं हाच माझा धंदा, त्यामुळे ही मागणी माझ्या ओळखीची आहे. सरळ सांगतो, विंडोजवर एडिटर शोधण्यात वेळ घालवू नका. एडिटर स्वतः फाइल उघडत नाही. तो ऑपरेटिंग सिस्टिमकडे मागतो: ‘या लॉगिनच्या नावाने ही फाइल दे.’ सिस्टिम लॉगिन कुणाचं आहे ते बघते आणि देते किंवा नाही म्हणते. मागणारा नोटपॅड आहे, एक्सेल आहे की ब्राउझर, याच्याशी तिला कर्तव्य नसतं. तुमच्या मशीनवरही हीच रीत आहे. फॅनक कंपनीच्या बऱ्याच कंट्रोलवर (मशीन चालवणाऱ्या संगणकावर) ९००० सिरीजचे प्रोग्रॅम ३२०२ नंबरच्या पॅरामीटरने एडिटला बंद करता येतात, शिवाय पॅनेलवर प्रोग्रॅम प्रोटेक्टची किल्ली असते. तिथे तुम्ही ऑपरेटरसाठी वेगळा स्क्रीन मागवत नाही, कंट्रोललाच सांगता. पीसीवरही ते फाइल सिस्टिमला सांगायचं.

पटत नसेल तर जेवणाच्या सुट्टीत शॉप फ्लोअरच्या पीसीवर बसून एवढं करून बघा. नोटपॅड उघडा, फाइल मेनूतून ओपन घ्या. जी चौकट उघडते ती फक्त फाइल निवडायची चौकट वाटते, पण ती जवळजवळ अख्खा फाइल एक्सप्लोरर असते. खाली ‘टेक्स्ट फाइल्स’ऐवजी ‘ऑल फाइल्स’ निवडा, फोल्डरातलं सगळं दिसायला लागेल. एखाद्या फाइलीवर राइट क्लिक करा: कॉपी, रिनेम, डिलीट, सगळं तिथेच आहे. आता फाइलच्या नावाच्या रकान्यात दोन उलटे स्लॅश आणि पुढे ऑफिसच्या पीसीचं नाव टाइप करून एंटर मारा. त्या पीसीवर जे जे शेअर केलंय ते सगळं समोर येईल. तुमच्या माणसाने कोटेशनचं फोल्डर बहुधा असंच गाठलं असणार, आणि त्यात त्याने काही ‘हॅक’ केलं असं मी म्हणणार नाही. दार उघडंच होतं.

समजा ओपनचा मेनूच नसलेला एडिटर तुम्हाला मिळाला. तरी तो माणूस तो बंद करून एक्सप्लोरर उघडेल. एक्सप्लोरर लपवलात तर ब्राउझरच्या अ‍ॅड्रेस बारमध्ये फोल्डरचा पत्ता टाकेल, तिथेही फाइली दिसतात. पेंटमध्ये, कॅल्क्युलेशनच्या शीटमध्ये, प्रिंटच्या ‘सेव्ह अ‍ॅज पीडीएफ’मध्ये, सगळीकडे तीच चौकट पुन्हा येते. प्रत्येक प्रोग्रॅमला तोंड बांधत बसलात तर शेवटी पीसी वापरण्यालायकच राहणार नाही.

ग्रुप पॉलिसीत (वापरणाऱ्यांवर बंधनं घालायच्या विंडोजच्या सेटिंगमध्ये) ड्राइव्ह लपवण्याची सोय असते आणि संगणकवाला ती हटकून सुचवतो. ती वापरायला हरकत नाही, पण तिने काय होतं ते समजून घ्या. ड्राइव्हचं चिन्ह दिसेनासं होतं, बस. पत्ता माहीत असलेल्याला दुसऱ्या वाटेने तिथे जाता येतं, आणि हे त्या पॉलिसीच्या वर्णनातच लिहिलेलं आहे. शिवाय विंडोजच्या होम एडिशनमध्ये ग्रुप पॉलिसीचा एडिटर मिळतच नाही. तसाच दुसरा भ्रम म्हणजे फाइलच्या प्रॉपर्टीजमधला ‘रीड ओन्ली’चा चौकोन. ज्याला फाइलवर लिहिण्याची परवानगी आहे तो ती टिक दोन सेकंदांत काढू शकतो. चुकून सेव्ह होणं त्याने टळेल, मुद्दाम केलेलं टळणार नाही.

आता खरं काम. यात पैसे लागत नाहीत, अर्धा दिवस लागतो. तुमची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असेल तर त्या दिवशीच करा, चालू शिफ्टमध्ये परमिशनला हात लावू नका.

सगळ्यात आधी लॉगिन. दोन्ही पीसीवर सगळे एकाच लॉगिनने काम करत असतील, आणि तेही अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या, तर पुढचं काहीही उपयोगाचं नाही. अ‍ॅडमिन असलेला माणूस कुठल्याही फाइलची मालकी स्वतःकडे घेऊ शकतो. प्रत्येक ऑपरेटरला स्टँडर्ड युजरचं वेगळं खातं द्या. शिफ्ट बदलताना लॉगआउट कोण करणार, हा तुमचा पुढचा प्रश्न असेल आणि तो रास्त आहे. हातमोजे घातलेला माणूस दर वेळी पासवर्ड टाकत बसणार नाही. माणसागणिक लॉगिन अजिबात चालत नसेल तर निदान मशीनगणिक ठेवा. मग कुणी काय बदललं हे नंतर नावानिशी कळणार नाही, पण या मशीनवरून त्या मशीनच्या फाइली उघडणं बंद होईल. माझं मत विचाराल तर सेटर (मशीनवर जॉब लावून देणारा) आणि प्रोग्रॅमरला स्वतःचं लॉगिन हवंच, ऑपरेटरच्या बाबतीत तडजोड चालेल.

तुमच्याकडे डोमेन (सगळी खाती एकाच सर्व्हरवर) नाही, साधं वर्कग्रुप (प्रत्येक पीसीची खाती वेगळी) आहे, असं धरतो. मग शॉप फ्लोअरच्या पीसीवर जे खातं कराल तेच नाव आणि तोच पासवर्ड ऑफिसच्या पीसीवरही करावा लागेल, कारण फाइली तिथे आहेत आणि ओळख तिथे तपासली जाते. पासवर्ड रिकामा ठेवायचा मोह आवरा. विंडोज मूळ सेटिंगमध्ये रिकाम्या पासवर्डचं खातं नेटवर्कवरून आत घेत नाही, आणि मग ‘सगळं बरोबर केलंय तरी उघडत नाही’ म्हणून लोक वैतागतात. ऑफिसच्या पीसीवर ‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग’ बंद केलेलं आहे का, तेही बघा. पीसी बसवून देणारा माणूस नेटवर्क पटकन चालू व्हावं म्हणून हे हमखास बंद करून जातो. ते बंद असलं की ज्याचं खातं जुळत नाही तोही गेस्ट म्हणून आत येतो. ते चालू करा.

मग फोल्डरांची मांडणी. आज बहुधा डी ड्राइव्हच्या डी ड्राइव्ह शेअर केलेला असेल आणि त्यातच प्रोग्रॅम, कोटेशन, जीएसटीची बिलं आणि कुणाच्या तरी लग्नाचे फोटो असतील. ते शेअरिंग काढून टाका. ‘सीएनसी’ नावाचं एक फोल्डर करा आणि फक्त तेच शेअर करा. त्यात ‘मास्टर’ हे एक फोल्डर, आणि प्रत्येक मशीनचं एकेक: व्हीएमसी-१, व्हीएमसी-२, टर्निंग. मास्टरमध्ये प्रोग्रॅमर आणि सेटर सोडून कुणालाही लिहिता येणार नाही. माझ्या मते ऑपरेटरला तिथे वाचायचीही गरज नाही. सेटर मास्टरमधून त्या मशीनच्या फोल्डरमध्ये प्रत टाकेल, ऑपरेटर त्या प्रतीवर काम करेल. पहिला पीस पास झाला आणि बदल कायम ठेवायचा असला, तर सेटरने विनमर्जसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये दोन्ही फाइली शेजारीशेजारी लावायच्या, कोणत्या ओळी बदलल्या ते बघायचं आणि मगच मास्टर बदलायचा. मास्टरवर चुकून सेव्ह होण्याची तुमची तक्रार इथेच संपते, एडिटर कोणताही असो.

परमिशन देताना एका गोष्टीवर सगळ्यात जास्त लोक अडकतात. डी ड्राइव्हवर नवं फोल्डर केलं की त्याला ड्राइव्हच्या परमिशन वारशाने मिळतात, आणि त्यात सहसा ‘ऑथेंटिकेटेड युजर्स’ना मॉडिफायचा (वाचण्याचा, बदलण्याचा, डिलीट करण्याचा) हक्क असतो. म्हणजे लॉगिन झालेला कुणीही. तुम्ही त्याच्यावर आणखी चार नावं चढवलीत तरी हा जुना हक्क तसाच राहतो आणि सगळं उघडंच राहतं. म्हणून फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये सिक्युरिटी, मग अ‍ॅडव्हान्स्ड, तिथे ‘डिसेबल इनहेरिटन्स’ दाबा. विचारेल तेव्हा जुन्या परमिशन रूपांतरित करून ठेवा म्हणा, आणि मग ऑथेंटिकेटेड युजर्स आणि युजर्स ही दोन नावं हाताने काढा. सिस्टिम आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स राहू द्या, नाहीतर बॅकअपच बंद पडेल. त्यानंतर त्या मशीनचा ग्रुप घालून त्याला मॉडिफाय द्या. नावं थेट माणसांची घालू नका, ग्रुप करा. माणसं सोडून जातात, नवीन येतात, आणि दर वेळी फोल्डर उघडून नावं बदलणं कुणी करत नाही.

वरच्या ‘सीएनसी’ फोल्डरचाही वारसा तोडा आणि तिथे ऑपरेटरांना फक्त यादी बघण्यापुरता हक्क द्या. पण वरच्या फोल्डरला कुलूप लावलं म्हणजे आतलं आपोआप सुरक्षित झालं, असं धरू नका. विंडोज मुळात सगळ्यांना वरच्या फोल्डरमधून ‘आरपार’ जाऊ देतं. आतल्या फोल्डरच्या परमिशन सैल असल्या आणि माणसाला पूर्ण पत्ता माहीत असला, तर वरचं फोल्डर उघडत नसूनही आतली फाइल उघडते. म्हणून प्रत्येक मशीनच्या फोल्डरवर जाऊन तिथल्या तिथे तपासा.

‘डिनाय’चे चौकोन वापरू नका. हक्क दिला नाही की नाहीच मिळत, वेगळं नाकारायची गरज नसते. डिनाय लावलं की एखाद दिवशी सेटर ऑपरेटरच्या ग्रुपमध्येही असतो, त्यालाच फाइल उघडत नाही आणि कारण शोधण्यात संध्याकाळ जाते.

शेअरिंगच्या आणि सिक्युरिटीच्या अशा दोन वेगळ्या परमिशन दिसतील. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्हींतली जी कडक ती लागू होते. मी शेअरवर ऑथेंटिकेटेड युजर्सना ‘चेंज’ देतो आणि सगळी बारीक मोजमापं सिक्युरिटीच्या टॅबमध्ये ठेवतो. दोन्हीकडे थोडं थोडं केलं की दोन महिन्यांनी कुणालाच काही आठवत नाही.

आता एक असा घोळ, जो सगळं नीट लावल्यावर पंधरा दिवसांनी येतो. सेटर मास्टरमधून फाइल व्हीएमसी-१ मध्ये नेताना कॉपी-पेस्ट करतो तेव्हा नव्या प्रतीला व्हीएमसी-१ च्या परमिशन मिळतात, आणि सगळं सुरळीत चालतं. पण एखाद दिवशी तो कट-पेस्ट करतो. एकाच ड्राइव्हवर हलवलेली फाइल स्वतःच्या जुन्या परमिशन सोबत घेऊन जाते. परिणामी फाइल व्हीएमसी-१ च्या फोल्डरमध्ये दिसते, ऑपरेटर डबल क्लिक करतो, आणि ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’. उलटंही होतं: सैल फोल्डरमधून हलवलेली फाइल कडक फोल्डरमध्ये येऊनही सगळ्यांना उघडी राहते, आणि हे तर कुणाच्या लक्षातही येत नाही. सेटरला बजावून सांगा, इकडून तिकडे न्यायचं ते कॉपी करून, मग वाटल्यास जुनी डिलीट. आणि घोळ झालाच असेल तर फोल्डरच्या अ‍ॅडव्हान्स्ड चौकटीत आतल्या सगळ्या वस्तूंच्या परमिशन बदलून याच्या लावण्याचा चौकोन असतो, तो एकदा टिक करून ओके द्या.

दुसरा घोळ सेव्ह करण्याचा. काही एडिटर जिथल्या तिथे, त्याच फाइलमध्ये लिहितात. काही मात्र शेजारी तात्पुरती फाइल करून, तिच्यात सगळं लिहून, जुनी हटवतात आणि नवीला जुनीचं नाव देतात. मधेच वीज गेली तर मूळ फाइल अर्धवट राहू नये म्हणून ही चांगली पद्धत आहे. पण तुम्ही ‘बदलू दे, डिलीट करू देऊ नको’ अशी बारीक परमिशन लावलीत की असा एडिटर सेव्ह करतानाच अडतो, किंवा तात्पुरत्या फाइलींचा कचरा मागे ठेवतो. आणि परमिशन फोल्डरला न लावता एकेका फाइलला लावल्या असतील, तर पहिल्या सेव्हनंतर त्या गायब, कारण ती फाइलच आता नवी आहे. म्हणून फोल्डरला लावा, आणि मशीनच्या फोल्डरमध्ये डिलीटचा हक्क राहू द्या. प्रत हरवली तर मास्टर आहेच. रोज रात्री ‘सीएनसी’ फोल्डरची तारखेनिशी एक प्रत वेगळ्या डिस्कवर जाईल असं मात्र बघा.

सगळं झालं की खात्री करा. अ‍ॅडव्हान्स्ड चौकटीतच ‘इफेक्टिव्ह अ‍ॅक्सेस’ नावाचा टॅब आहे. त्यात ऑपरेटरचं नाव घातलं की सगळे ग्रुप, वारसा वगैरे जमेस धरून त्याच्या पदरात नेमकं काय पडतं ते दिसतं. त्याच्यावरही पूर्ण विसंबू नका. ऑपरेटरच्या लॉगिनने बसून वर सांगितलेली नोटपॅडची सगळी कसरत पुन्हा करा. दोन स्लॅश, ऑफिसच्या पीसीचं नाव, एंटर. ‘सीएनसी’ दिसलं पाहिजे, त्यात स्वतःच्या मशीनचं फोल्डर उघडलं पाहिजे, बाकीच्यांवर क्लिक केल्यावर नकार मिळाला पाहिजे. बाकीच्यांची नावंसुद्धा दिसू नयेत असं वाटत असेल, तर विंडोज सर्व्हरमध्ये त्यासाठी अ‍ॅक्सेस-बेस्ड एन्युमरेशन असतं आणि लिनक्सवरच्या साम्बामध्ये (विंडोजसाठी फोल्डर शेअर करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) न वाचता येणाऱ्या फाइली लपवण्याचं सेटिंग असतं. तीन मशीनच्या युनिटला नावं दिसली म्हणून बिघडत नाही.

एक गोष्ट यातल्या कशानेच थांबणार नाही: ज्याला फाइल वाचता येते त्याला ती नेताही येते. पेनड्राइव्हवर, फोनने स्क्रीनचा फोटो काढून, कशीही. पेनड्राइव्ह पॉलिसीने बंद करता येतो, पण तुमचं एखादं मशीन पेनड्राइव्हवरूनच प्रोग्रॅम घेत असेल तर ते जमणार नाही. शिवाय पेनड्राइव्ह बहुधा फॅट-३२ किंवा एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेला असतो, त्या पद्धतींत परमिशन नावाची गोष्टच नाही. गिऱ्हाईकाच्या ड्रॉइंगची गुप्तता हा तुमचा मुख्य घोर असेल, तर तो माणसं आणि करारपत्र यांचा विषय आहे, संगणकाचा थोडाच. एक फायदा मात्र न मागता मिळतो. शॉप फ्लोअरच्या पीसीत व्हायरस शिरला तर तोही ऑपरेटरच्याच हक्कांनी फिरतो, त्यामुळे मास्टर आणि कोटेशनवर त्याला लिहिता येत नाही.

आता लिनक्सचं मशीन. तिथे तुम्ही मागितलेली वस्तू खरोखर मिळते, म्हणून जरा खोलात जातो.

नॅनो हा साधा एडिटर ‘रिस्ट्रिक्टेड’ रीतीने चालवता येतो, ‘आरनॅनो’ या नावाने सुरू केला की झालं. मग तो सुरुवातीला दिलेली फाइल सोडून दुसरी वाचत नाही, दुसऱ्या नावाने सेव्ह करू देत नाही, बाहेरची कमांड चालवत नाही. जो नावाच्या एडिटरचा ‘आरजो’ हा अवतार हेच करतो. जुन्या ‘ईडी’चा ‘रेड’ चालू फोल्डरबाहेर जाऊ देत नाही, पण सुपरवायझरच्या हातात ईडी देणं म्हणजे त्याचा सूड उगवणं आहे. विम या एडिटरचाही ‘आरविम’ आहे, आणि इथे लोक फसतात. तो शेलच्या (सिस्टिमला टाइप करून हुकूम देण्याच्या प्रोग्रॅमच्या) कमांड बंद करतो, दुसऱ्या फाइली उघडणं बंद करत नाही. शेलच्या बाबतीतही पळवाट सापडू शकते, आपण ती फक्त अवघड केली आहे, असं विमच्या स्वतःच्या मदतपुस्तिकेत म्हटलंय.

सगळ्यात वाईट उपाय म्हणजे सुपरवायझरला ‘सुडो’ने, म्हणजे मशीनच्या मालकाच्या हक्कांनी, विम चालवायची परवानगी देणं, मग भले सुडोच्या यादीत फाइलचं नाव पक्कं लिहिलेलं असो. विमच्या आतून एक उद्गारचिन्ह आणि शेलचं नाव टाइप केलं की तो माणूस रूट झाला, त्या अख्ख्या मशीनचा मालक. त्यासाठी ‘सुडोएडिट’ आहे. तो फाइलची तात्पुरती प्रत काढतो, एडिटर सुपरवायझरच्याच हक्कांनी चालवतो, आणि बदललेली प्रत जागेवर परत ठेवतो. एडिटर रूट म्हणून चालतच नाही, त्यामुळे त्याच्या आतून शेल उघडला तरी काही हाती लागत नाही. मात्र सुडोची आवृत्ती बघा. १.८.० पासून १.९.१२पी१ पर्यंत एक भोक होतं: एडिटरचं नाव सांगणाऱ्या व्हेरिएबलमध्येच हळूच दुसऱ्या फाइलचं नाव घातलं की सुडोएडिट तीही उघडून द्यायचा. जानेवारी २०२३ मध्ये १.९.१२पी२ ने ते बुजवलं. लेबल प्रिंटरची मशीनं एकदा बसवली की वर्षानुवर्षं कुणी अपडेट करत नाही, म्हणून मुद्दाम सांगितलं.

पण तुमच्या बाबतीत सुडोचीही गरज नाही. त्या एका फाइलला ‘लेबल’ नावाचा ग्रुप द्या, ग्रुपला लिहिण्याचा हक्क द्या, आणि सुपरवायझरला त्या ग्रुपमध्ये घाला. मग एसएसएच सर्व्हरच्या (नेटवर्कवरून लॉगिन करू देणाऱ्या प्रोग्रॅमच्या) सेटिंगमध्ये फक्त त्याच्या युजरसाठी ‘फोर्स कमांड’ लावा, कमांड म्हणजे आरनॅनो आणि त्या फाइलचा पूर्ण पत्ता. तो ऑफिसमधून लॉगिन करेल, समोर थेट तीच फाइल उघडेल, सेव्ह करून बाहेर पडला की कनेक्शन बंद. त्याच युजरला पोर्ट फॉरवर्डिंगही (या कनेक्शनमधून नेटवर्कवर दुसरीकडे जाण्याची वाट) बंद करा. फोर्स कमांड फाइल ट्रान्सफरच्या विनंतीलाही लागू होते, त्यामुळे त्या वाटेनेही तो दुसरीकडे जात नाही.

फाइल बदलल्यावर सर्व्हिस रीस्टार्ट करायची असेल तर त्यासाठी सुडो देऊ नका. सिस्टिमडीमध्ये (लिनक्सवर सर्व्हिस सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) ‘पाथ युनिट’ असतं. ते फाइलवर नजर ठेवतं, आणि ती बदलून बंद झाली की तुम्ही सांगितलेली सर्व्हिस चालवतं. लोक रीस्टार्टसोबत स्टेटस बघण्याचीही सुडो-परवानगी देतात, आणि जुन्या आवृत्त्यांत तो स्टेटस ‘लेस’मध्ये (मजकूर पानापानाने दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) उघडतो. त्यातूनही उद्गारचिन्हाने रूटचा शेल मिळायचा. पाथ युनिट लावलं की हा प्रश्नच उरत नाही.

पुतण्याबद्दल. पोरगा हुशार असेल आणि पायथनमध्ये एक खिडकी, डावीकडे फाइलींची यादी, उजवीकडे मजकूर, असं काही बनवत असेल तर बनवू दे. ऑपरेटरला सोपं पडेल. पण तो प्रोग्रॅम ऑपरेटरच्याच लॉगिनने चालणार, म्हणजे त्याला ज्या फाइली उघडतात त्या ऑपरेटरला एक्सप्लोररमधूनही उघडणार. वरच्या परमिशन लागल्या नसतील तर तो नुसता दिखावा.

खरं बंधन हवं असेल तर प्रोग्रॅम ऑफिसच्या पीसीवर, स्वतःच्या वेगळ्या खात्याने चालायला हवा, ऑपरेटरने तो ब्राउझरमधून वापरायचा, आणि शेअरवर ऑपरेटरला काहीच हक्क नसावा. हे चालतं, पण मग कुंपण घालायची जबाबदारी तुमच्या पुतण्याची. ब्राउझरकडून आलेल्या नावात दोन टिंबं आणि स्लॅश घालून वरच्या फोल्डरमध्ये चढता येतं, हे त्याला माहीत आहे का ते विचारा. ‘हो, पत्ता व्हीएमसी-१ ने सुरू होतो का ते मी तपासतो,’ असं म्हणाला तर त्याला विचारा, उद्या व्हीएमसी-१० आलं तर? नुसती अक्षरं जुळवणाऱ्या तपासणीत व्हीएमसी-१ वाल्याला व्हीएमसी-१० ही उघडतं. आधी टिंबं आणि शॉर्टकट सोडवून खरा पूर्ण पत्ता काढायचा, मग फोल्डरच्या नावापुढचा स्लॅश धरून तुलना करायची. तीन मशीनसाठी एवढा उपद्व्याप मी तरी करणार नाही.

उरला एडिटर. परमिशन लागल्यावर तो कोणताही चालतो, पण जी-कोडसाठी मी नोटपॅड प्लस प्लस देतो. बजेट असेल तर सिमको एडिटसारखा खास सीएनसीचा एडिटर घ्या. नोटपॅड प्लस प्लसमध्ये दोन-तीन गोष्टी मात्र बदला. तो मागच्या वेळचे टॅब लक्षात ठेवतो आणि सेव्ह न केलेल्या मजकुराचीही प्रत जपून ठेवतो. मशीनगणिक लॉगिन असेल तर दुसऱ्या शिफ्टच्या माणसासमोर पहिल्याचं अर्धवट काम उघडतं, आणि तो तेच मशीनला पाठवून मोकळा होतो. बॅकअपच्या पानावरची ही दोन्ही सेटिंगं बंद करा. विंडोज ११ चं नवं नोटपॅडही आता असेच टॅब आठवून ठेवतं, त्यामुळे ऑपरेटरच्या डेस्कटॉपवर त्याचा शॉर्टकट ठेवू नका. नव्या फाइलचं एन्कोडिंग (अक्षरं साठवण्याची पद्धत) साधं एएनएसआय ठेवा. यूटीएफ-८ हवंच असेल तर बॉमविना, कारण बॉम म्हणजे फाइलच्या सुरुवातीला, टक्क्याच्या चिन्हाच्याही आधी बसणारी तीन न दिसणारी बाइट्स, आणि ती काही कंट्रोलना पचत नाहीत. आपोआप शब्द पूर्ण करण्याची सोयही बंद, नाहीतर एंटर मारताना भलताच ऑफसेट बसायचा. आणि कंसातल्या सूचना इंग्रजी अक्षरांतच लिहा असं ऑपरेटरांना सांगा. ‘टूल बदल’ असं हौसेने देवनागरीत लिहिलेली ओळ स्क्रीनवर कितीही छान दिसली, तरी मशीनवर गेल्यावर तिचं काय होईल याचा भरवसा नाही.